शाळा सुटल्यावरचा अर्धा तास

३ सप्टेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

यातला 'विशेष' आधीच सांगून टाकते, म्हणजे तू शेवटचं पान आधी उघडणार नाहीस. मला तिसरीचा वर्ग मिळाला. छत्तीस मुलं. फोनवर तुला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू मनाने रचतेस, म्हणून लिहायला बसले आहे.

वर्ग व्हरांड्याच्या टोकाला आहे. दोन मोठ्या खिडक्या, एक कपाट, त्याचं दार गुडघा लावल्याशिवाय बंद होत नाही. घड्याळ सात मिनिटं पुढे आहे आणि मागच्या अंगाला पाण्याची टाकी. मला तरी आवडला.

अडचण शिकवण्याची नाही, फळा पुसण्याची आहे. फळा कोण पुसणार असं विचारलं की वीस हात वर जातात, त्यातले पाच तर बाकावर उभे राहतात. सोमवारी दोघांनी डस्टरची दोन टोकं धरली आणि एकाचं नख मोडलं. मी पटकन जे पुढे येतात त्यांनाच कामं देते, आणि उरलेली तीस मुलं तमाशा बघावा तशी बघत बसतात. शेजारच्या वर्गाच्या बाई म्हणाल्या की चार चुणचुणीत पोरं हाताशी धर आणि मोकळी हो. मला ते पटत नाही, पण का पटत नाही हेही सांगता येत नाही.

तू तेहतीस वर्षं हे कसं निभावलंस? बाबा मजेत आहेत. निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी फिरायला जातात आणि पेपरवाल्याशी वाद घालून ताजेतवाने होऊन परत येतात.

लोभ आहेच, तो पत्राच्या लांबीत दिसावा.

तुझी,
भिंगरी


१० सप्टेंबर

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. अक्षर अजून तसंच आहे, गाडी पकडायला धावल्यासारखं. वर्गात फळ्यावर असंच लिहीत असशील तर त्या मुलांना माझी सहानुभूती कळव.

छत्तीस मुलं असतील तर छत्तीस कामं काढ. पस्तीस नाही. ज्याला काम नाही ते मूल त्या वर्गात पाहुणं असतं. आणि खोटं काम देऊ नकोस, मुलांना लगेच वास येतो. जे झालं नाही तर कुणाचं तरी अडेल, त्यालाच काम म्हणायचं. एखादा विसरला तर तू उठून ते करू नकोस. अडू दे. तुझे हात शिवशिवतील, ते पदराखाली ठेव. पदर नसेल तर खिशात घाल. दर पंधरा दिवसांनी कामं बदल, नाहीतर फळा पुसणारा स्वतःला फळ्याचा मालक समजू लागतो.

एक काम मात्र कुणालाही देऊ नकोस. बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहिण्याचं. मी सहा वर्षं दिलं. सातव्या वर्षी नावं लिहिणाऱ्या मुलीच्या दप्तरात मला अकरा कोरी खोडरबरं सापडली. नाव न लिहिण्याबद्दल मिळालेली. पोरीने त्यातलं एकही वापरलं नव्हतं. कुठलं कुणाचं, ते चिठ्ठ्या चिकटवून नीट ठेवलं होतं. रागवावं की शाबासकी द्यावी हे मला आजतागायत ठरवता आलेलं नाही.

माझा गुडघा आहे तसाच आहे, तो विषय काढू नये. लोभ वाढता ठेव, काळजी नको.

तुझी आत्या


२८ सप्टेंबर

ती. आत्यास,
सा. न.

जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजू जोडून मोठा तक्ता केला. त्यावर छत्तीस कप्पे चिकटवले, प्रत्येकावर एक काम लिहिलं आणि मुलांच्या नावांची कार्डं त्यात घातली. बावीस कामांपर्यंत मी सहज पोचले, पुढे घाम फुटला. मग शिपाईमामांना विचारलं. त्यांनी उभ्या उभ्या आठ कामं सांगितली. नळ गच्च बंद करणं, हरवलेल्या वस्तूंची पेटी सांभाळणं, घड्याळाची सात मिनिटं वजा करून खरी वेळ सांगणं, असली. शेवटी एक मी खोटं घुसवलंच, 'खिडकीबाहेर लक्ष ठेवणे'. तिसऱ्या दिवशी त्या मुलाने येऊन विचारलं की बाहेर नक्की काय झालं म्हणजे त्याने मला सांगायचं. मी ते काम काढून टाकलं. तुला वास पोचलाच असेल.

बाकी गाडी रुळावर आहे. वर्गातला सगळ्यात दंगेखोर मुलगा नळाचा प्रमुख झाला आणि आता मधल्या सुट्टीत नळापाशी शिस्तीची दहशत आहे. वह्या वाटणारी मुलगी आभार मानल्याशिवाय वही सोडत नाही.

अडलं ते एका मुलीपाशी. शेवटच्या बाकावर बसते, दुसऱ्या तासाला डुलक्या घेते, म्हणून मुलं तिला पेंगूळबाई म्हणतात. वाईट आहे, पण नाव चिकटलंय. तिच्याकडे सकाळी खिडक्या उघडण्याचं काम आलं. ती रोज दहा-पंधरा मिनिटं उशिरा येते, त्यामुळे खिडक्या बंद. तुझं ऐकून मी हात खिशात ठेवले. सगळा वर्ग उकडत बसला आणि ती आल्यावर तिच्यावर तुटून पडला. ती खिडक्या उघडून जागेवर बसली. चौथ्या दिवशी मात्र तिने तक्त्यातून आपलं कार्ड काढून माझ्या टेबलावर आणून ठेवलं आणि खालच्या आवाजात सांगितलं की तिला काम नको, तिच्याकडे आहेत तेवढी पुरेत.

खरं सांगते, मला ती आळशी वाटली. मी तिला पेन्सिलींना टोक करण्याचं हलकं काम दिलं. दुसऱ्या दिवशी कार्ड पुन्हा माझ्या टेबलावर.

मार्ग सुचव. माया कमी होऊ देऊ नकोस.

भिंगरी


५ ऑक्टोबर

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

काम नको म्हणणारं मूल मला तेहतीस वर्षांत चार वेळा भेटलं. चारांतलं एकही आळशी नव्हतं.

तिच्या घरी जा. चौकशी करायला जाऊ नकोस, तिची एखादी वही परत द्यायचं निमित्त काढ. दार कोण उघडतं आणि उघडताना त्याच्या हातात काय असतं, एवढं बघून ये. मग लिही.

आत्या


१९ ऑक्टोबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

जाऊन आले. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर दोन खोल्या आहेत. जिना उभा आणि अरुंद, कठडा एकाच बाजूला. दार तिनेच उघडलं. कडेवर आठ-नऊ महिन्यांचा भाऊ होता आणि दुधाच्या बाटलीचं झाकण दातात धरलेलं. मला बघून तिने झाकण काढलं आणि आत या म्हणाली.

आई पलंगावर सरळ उताणी झोपून होती. कमरेचं ऑपरेशन झालंय. अजून दोन महिने उठायचं नाही, काही उचलायचं नाही. वडील मालाचा ट्रक चालवतात, चार चार दिवस बाहेर असतात. शाळेच्या वेळात समोरच्या खोलीतली शिवणकाम करणारी बाई बाळाला सांभाळते. त्याआधीचं आणि नंतरचं सगळं या आठ वर्षांच्या मुलीकडे आहे. घर मात्र लख्ख होतं. दोरीवर दुपटी टोकाला टोक जुळवून वाळत घातलेली.

आईने माझी विचारपूस केली आणि मग अगदी नम्रपणे एक तक्रार केली. शाळा साडेतीनला सुटते, पण मी मुलीला रोज अर्धा तास कामासाठी थांबवून घेते, ते जरा कमी करता येईल का, असं तिने विचारलं. फळा पुसायचा, बाकं लावायची, कपाटाला कुलूप घालायचं, एवढी कामं बाईंनी एकटीलाच दिलीत असं मुलगी सांगते. बाईंचा विश्वास आहे हे चांगलंच, पण साडेतीनला शिवणवाली बाळाला आणून सोडते आणि आईला त्याला उचलता येत नाही.

आत्या, मी तिला एक दिवसही थांबवलेलं नाही. तिच्या नावावर तक्त्यात एकही काम नाही.

मुलगी भिंतीला टेकून बाळाला थोपटत उभी होती. माझ्याकडे बघत होती, पण त्या बघण्यात विनवणी नव्हती. बस थांबेल किंवा थांबणारही नाही, अशा बेताने आपण रस्त्याकडे बघतो ना, तसं. मी म्हणून गेले की हो, कामं जरा लांबतात खरी, मी लक्ष घालते.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी मागून गेले. ती पाण्याच्या टाकीमागे एका पालथ्या बादलीवर बसते. दप्तर मांडीवर. झोपत नाही, खेळत नाही, खात नाही. नुसती बसते. अर्धा तास झाला की उठते, फ्रॉक झटकते आणि घरी जाते.

मी तिला काही बोलले नाही. तक्त्यात मात्र एक नवा कप्पा केला, 'सुट्टीवर'. पंधरा दिवस एका मुलाला काही म्हणजे काही काम नाही. पहिलं कार्ड तिचं घातलं. ते तिने परत आणलं नाही.

मी तिच्यासाठी खोटं बोलले आणि मला त्याचं थोडं कौतुकच वाटतंय. बरोबर केलं ना? तसं लिही आणि लोभ कायम ठेव.

भिंगरी


२४ ऑक्टोबर

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

तू चूक केलीस.

'सुट्टीवर' हे फार चांगलं सुचलं तुला, मला तेहतीस वर्षांत सुचलं नव्हतं. तिला तो अर्धा तास हवा आहे, आणि तो मिळायलाच हवा. पण साडेतीन ते चार एक रांगतं मूल अशा बाईशेजारी असतं जिला उठता येत नाही, आणि घराबाहेर एका बाजूला कठडा नसलेला जिना आहे. हे तू स्वतःच्या हाताने लिहिलंस आणि वाचलं नाहीस.

मला हे कळतं, याचं कारण सांगते. मी दहा वर्षांची होते आणि तुझा बाबा अडीच. आईला कारखान्यात दुपारपाळी असायची. शेजारच्या काकू त्याला सांभाळत, शाळा सुटली की मी त्याला घ्यायचं, मग रात्रीपर्यंत तो माझ्याकडे. मला तो आवडत नसे असं नाही. पण मी शाळेतून लगेच निघत नसे. बाई कधीच निघून गेलेल्या असत आणि मी फळा पुसत राही. पुसलेला फळा पुन्हा पुसायचा. त्यावर स्वतःचं नाव लिहायचं, मग तेही पुसायचं. घरी सांगितलं होतं की बाईंनी मला फळ्याचं काम दिलंय.

एक दिवस काकूंना कुठे जायचं होतं. मी येतच असेन असं समजून त्यांनी त्याला आमच्या दारात बसवलं आणि त्या गेल्या. मी पोचले तेव्हा तो जिन्याखाली होता. भुवई फुटली होती. मी त्याला उचलून दवाखान्यापर्यंत पळत गेले. सात टाके पडले. आईला मी सांगितलं की मी तिथेच होते, माझा हात सुटला. आई रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

तुझा बाबा सगळ्यांना सांगतो की तो व्रण सायकलवरून पडल्याचा आहे. त्याला आठवत नाही, आणि मी कधी दुरुस्त केलं नाही.

मुलीच्या आईला जाऊन खरं सांग. मुलीची चहाडी करायची म्हणून नाही. तो अर्धा तास चोरून घ्यावा लागू नये म्हणून. मुलीला आधी सांग, तिच्या नकळत जाऊ नकोस.

हे पत्र बाबाला दाखव किंवा नको दाखवूस. मला पंचावन्न वर्षांत जमलं नाही.

आत्या


१६ नोव्हेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

उशीर झाला. तुझं पत्र वाचून मी आठ-नऊ दिवस घुश्श्यात होते. एक उत्तर लिहून फाडलं, ते बरंच उद्धट होतं. तुझं बरोबर होतं म्हणून राग जास्त आला.

मग मुलीला टाकीमागे गाठलं. तिच्याशेजारी बसायला काही नव्हतं म्हणून उकिडवी बसले आणि सांगितलं की शनिवारी तुझ्या आईला मी हे सांगणार आहे, तुला हवं तर तू सोबत रहा. तेव्हा ती रडली. मी तिला पहिल्यांदाच रडताना बघितलं. म्हणाली की उद्यापासून बसणार नाही, साडेतीनला पळत घरी जाईन, पण सांगू नका. मी म्हटलं की अर्धा तास जाणार नाही, त्याची जबाबदारी माझी. तिचा विश्वास बसला नाही, बसायचं कारणही नव्हतं.

शनिवारी सगळं सांगितलं, माझं खोटं धरून. मला वाटलं आई आता मला जा म्हणेल. तिने विचारलं की मुलगी बसते तिथे सावली असते का.

मी हो म्हटलं. मग तिने मुलीला जवळ बोलावलं आणि इतकंच विचारलं की मला का नाही सांगितलंस. मुलीने सांगितलं की आईला सांगितलं असतं तर आई बस म्हणाली असती, आणि मग बाळ रडलं की स्वतःच उठायला गेली असती. त्यावर आईने तोंड भिंतीकडे वळवलं. मी खाली जाऊन दुकानातल्या सायकली बघत उभी राहिले.

पुढचं सगळं फार सोपं निघालं, इतकं की लाज वाटावी. शिवणवालीला विचारलं तर ती म्हणाली की सव्वाचारपर्यंत काय, पाचपर्यंत ठेवते, इतके दिवस मला कुणी विचारलंच नाही. वडिलांनी जिन्याच्या तोंडाशी फळी ठोकून अडसर केला. सकाळी बाळाचं आवरायला शिवणवालीची मुलगी येते, त्यामुळे पेंगूळबाई आता घंटेच्या आधी हजर असते. नाव मात्र सुटलेलं नाही.

टाकीमागे शेवाळ आहे, म्हणून तिला मी वर्गच देऊन टाकला. शाळा सुटल्यावर ती खिडकीजवळच्या बाकावर बसते आणि मी वह्या तपासते. आम्ही बोलत नाही. कधी ती बाहेर बघते, कधी बाकावर डोकं ठेवते. चार वाजले की वेळ सांगणारीसारखं सात मिनिटं वजा करून उठते.

'सुट्टीवर'च्या कार्डासाठी आता वर्गात झुंबड आहे. नळाच्या प्रमुखाला मिळालं, तर दोन दिवसांत त्याने नळ परत मागितला, कारण त्याच्या जागी आलेली मुलगी फार लवकर बंद करते म्हणे. गेल्या सोमवारी कामं बदलताना पेंगूळबाई स्वतः तक्त्यापाशी आली आणि हरवलेल्या वस्तूंची पेटी घेतली. दोन दिवसांत नऊ वस्तू मालकांकडे पोचवल्या. एका कंपासपेटीचा मालक सापडेना, म्हणून वर्गावर्गात जाऊन विचारून आली. तिचा आवाज चांगला खणखणीत आहे, मला माहीतच नव्हतं.

दुसरं म्हणजे, तुझं पत्र मी बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी ऐकलं, मग चष्मा मागितला आणि स्वतः वाचलं. घडी करून माझ्या हातात दिलं आणि म्हणाले की ताईचं अक्षर अजून फळ्यावरच्यासारखं आहे. मग दुपारी दोन वाजता फिरायला गेले. परत आल्यावर पाकीट मागितलं. आत काय लिहिलंय ते मला दाखवलं नाही. दोन्ही पत्रं एकदमच टाकते आहे.

तुझ्यावर रागावले होते हे विसरून लोभ ठेव.

भिंगरी


१६ नोव्हेंबर

ती. ताईस,
शि. सा. न.

मी पत्र लिहीत नाही हे तुला माहीत आहे. चुका काढू नकोस.

मला ठाऊक होतं. आईने जायच्या आदल्या वर्षी सांगितलं. तिला तर त्याच संध्याकाळी कळलं होतं, शेजारच्या काकू रडत तिच्याकडे कारखान्यात गेल्या होत्या. त्यांनीच सांगितलं की ताई तेव्हा घरी नव्हती. आई शाळेत जाऊन आली. शिपायाने तिला सांगितलं की तुमची मुलगी रोज थांबते आणि कोरा फळा पुसते.

तू म्हणतेस आई रागावली नाही. ती मला म्हणाली की तिला तोंडच नव्हतं रागवायला. तुझ्याशी हे बोललं तर तू थांबणं सोडून देशील, अशी तिला धास्ती होती. म्हणून ती गप्प बसली आणि काकूंना गाठून ठरवलं की मला पाच वाजेपर्यंत ठेवायचं. त्यानंतर तू मला घ्यायला यायचीस तेव्हा मी काकूंकडे जेवत असायचो, आठवतं? ते काकूंच्या मनाने नव्हतं. आईने ठरवलेलं होतं. त्यापुढे शाळा सोडेपर्यंत तू जितका वेळ थांबलीस, तो तुला आईने दिलेला होता.

सायकलचं मी नववीत असताना रचलं. कुणी व्रणाबद्दल विचारलं की तू उठून आत जायचीस. का, ते मला तेव्हा कळत नव्हतं, पण तू जायचीस एवढं दिसायचं. सायकल म्हटलं की तू बसून राहायचीस, म्हणून मग तेच सांगत राहिलो.

सात टाके नव्हते, पाच होते. आत्ता आरशात मोजले.

आईने मला बजावलं होतं की ताई स्वतःहून बोलेपर्यंत तू बोलू नकोस. मी वाट बघत राहिलो. तू बोललीस ती माझ्या पोरीशी. तेही बरंच झालं म्हणायचं.

शुक्रवारी दुपारच्या गाडीने येतो. चार दिवस राहीन. काही करत बसू नकोस.

तुझा धाकटा